पहिलं घर बांधताना कपाटं आणि खोल्यांची आखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा-कराड पट्ट्यात घरांच्या आतल्या कामाची आखणी करते. स्वतःच्या प्लॉटवर पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मापं फूट-इंचात आहेत, कारण साइटवर गवंडी आणि सुतार त्यातच बोलतात. फ्लॅट घेणाऱ्यांना यातलं निम्मं लागू पडेल. स्लॅब आणि भिंतींबद्दलचं सोडून द्या, ते तुमच्या हातात नाही.

अजून पायाही झाला नाही. कपाटांचा विचार आत्तापासून कशाला?

कपाट कुठे मावेल हे सुतार ठरवत नाही. दार, खिडकी, कॉलम आणि पंख्याचा बॉक्स ठरवतात, आणि ही चारही कामं सुतार साइटवर यायच्या कितीतरी आधी होऊन जातात. रंग झाल्यावर सुताराला बोलावलं की तो उरलेल्या जागेत कपाट बसवून देतो, दुसरं काय करणार? मग दाराच्या पाठीमागे सव्वा फुटाचं कपाट होतं, त्यात हँगर तिरका लटकतो आणि वर्षभरात तिथे रद्दी साठते.

बारीक मापं आत्ता नकोत. कुठल्या खोलीत कुठली भिंत कपाटाची, बेडचं डोकं कोणत्या बाजूला, फ्रिज कुठे, वॉशिंग मशीन कुठे, एवढं प्लॅनवर पेन्सिलने काढून इंजिनिअरच्या हातात द्या.

कोणत्या टप्प्याला काय पक्कं झालेलं हवं?

स्लॅब भरायच्या आधी पंख्याचे आणि दिव्यांचे बॉक्स. वीटकाम सुरू व्हायच्या आधी दारं-खिडक्यांच्या जागा आणि सिमेंटचे लॉफ्ट, कारण लॉफ्ट लिंटेलबरोबर (दार-खिडकीच्या वरची काँक्रीटची पट्टी), म्हणजे ७ फुटांवर भरला जातो. गिलाव्याच्या आधी विजेचे पॉइंट आणि नळाच्या लाइनी. टाइल लावायच्या आधी ओट्याची उंची, सिंकची जागा, चिमणीच्या पाइपाचं भोक. फरशी झाल्यावर सुताराने स्वतः टेप लावून शेवटची मापं घ्यायची. प्लॅनवरच्या मापाने कापलेला प्लाय साइटवर हमखास अर्धा इंच चुकतो.

प्लॅनवर बेडरूम १० बाय १२ लिहिलंय. प्रत्यक्षात किती मिळेल?

आधी विचारा की ते माप विटेपासून विटेपर्यंतचं आहे की गिलावा धरून. विटेपासूनचं असेल तर दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच गिलावा जाऊन १० फुटांचे ९ फूट ११ इंच राहतात. एक इंच किरकोळ वाटतो, पण दोन भिंतींच्या मध्ये बसवायचं तयार कपाट त्याच इंचामुळे अडतं.

त्याहून मोठी गोष्ट कॉलमची. कॉलम साधारण ९ इंचांचा आणि आतली भिंत साडेचार इंचांच्या विटेची. म्हणजे कॉलमचा उरलेला साडेचार इंच कुठल्यातरी एका खोलीत बाहेर डोकावणारच. कुठल्या खोलीत, हे ठरवायची मुभा तुम्हाला असते आणि बहुतेक जण ती वापरतच नाहीत. कॉलमचा कोपरा कपाटाच्या पोटात जाईल अशा बाजूला काढून घ्या. तेवढ्या खणाची खोली २४ इंचांऐवजी १९ होईल. तिथे हँगर बसणार नाहीत, घडीचे कपडे बसतील. बाहेरून काही दिसणार नाही.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र आणि २.४ मीटर रुंदी सांगितली आहे, म्हणजे अंदाजे १०२ चौरस फूट आणि पावणेआठ फुटांच्या थोडं वर. हा किमान आकडा आहे. दुहेरी बेड आणि कपाट दोन्ही हवं असेल तर त्यात कुचंबणाच होते.

१० बाय १० च्या खोलीत सहा फुटी बेड आणि भिंतभर कपाट मावेल का?

हिशोब करून बघू. मोठा बेड ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. कपाट २ फूट खोल. कपाटाच्या समोरच्या भिंतीला बेडचं डोकं लावलं तर १० मधून २ आणि साडेसहा गेले, उरला दीड फूट. कपाटाचा पल्लाच दीड फुटाचा असतो, तो उघडला की तुम्ही बेडवर. बेड आडवा फिरवला तर १० मधून २ आणि ६ गेले, उरले २ फूट. बेड भिंतीला चिकटवून हे दोन फूट कपाटासमोर ठेवता येतात, पण मग आतल्या बाजूला झोपणारा रोज पायथ्याकडून सरपटत उठणार. पंचविशीत चालतं.

त्या दिशेला १२ फूट असतील तर ४ फूट उरतात. कपाटासमोर अडीच आणि पलीकडे दीड. खोली मग खोलीसारखी वाटते. हॉल २० फुटांऐवजी १८ केला तरी पाहुण्यांना कळत नाही, बेडरूममधले दोन फूट मात्र रोज लागतात. हॉलमधून कापून बेडरूमला द्या असं मी प्रत्येक घरात सांगते. निम्मे लोक ऐकतात.

सरकते पल्ले हा मार्ग आहे, पण एका वेळी अर्धंच कपाट उघडतं आणि रुळांमुळे खोली २६-२७ इंच धरावी लागते. समोर खरोखरच जागा नसेल तरच.

बेडरूमचं दार भिंतीच्या कोपऱ्याला घ्यावं की मध्ये?

दोन्ही नको. गवंडी सवयीने कोपऱ्यापासून चार-सहा इंच सोडून चौकट उभी करतो. जी भिंत कपाटाची ठरली आहे, तिच्या कोपऱ्यापासून चौकटीपर्यंत सव्वादोन फूट सोडायला सांगा. दोन फुटांचं कपाट त्या खाचेत बसतं, दार पूर्ण उघडतं, आणि आत शिरल्यावर कपाटाची कड अंगावर येत नाही. खिडकीलाही हाच नियम. कपाटाच्या बाजूला सव्वादोन फूट भिंत सोडून मग खिडकी.

चौकट फक्त दोरी लावून आखलेली असते त्या दिवशी हा बदल फुकटात होतो. लिंटेल पडल्यावर तोडफोड.

पंखा खोलीच्या मध्यावरच असतो ना? त्यात काय ठरवायचं?

खोली १० फुटांची, पंख्याचा बॉक्स बरोबर मध्ये, भिंतीपासून ५ फुटांवर. नेहमीचा १२०० मि.मी. पंखा, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून २ फूट जातं. टोक भिंतीपासून ३ फुटांवर आलं. आता त्या भिंतीला २ फूट खोल कपाट आणि वर स्लॅबपर्यंत लॉफ्ट. लॉफ्टचा दीड फुटी पल्ला उघडला की तो साडेतीन फुटांपर्यंत येतो. पाती आणि पल्ला एकाच उंचीवर, आणि अर्धा फूट एकमेकांत. पंखा बंद असला तरी पल्ला पात्याला अडतो. चालू असला तर काय होईल ते सांगायला नको.

उपाय सोपा आहे. कपाट सोडून उरलेल्या ८ फुटांचा मध्य काढा. तो कपाटाच्या भिंतीपासून ६ फुटांवर येतो, टोक ४ फुटांवर जातं, पल्ला मोकळा उघडतो. पंखाही बेडच्या डोक्यावर नीट येतो. फक्त हे स्लॅब भरायच्या आदल्या दिवसापर्यंत वायरमनला सांगितलेलं हवं. तो नेहमी खोलीचे कर्ण काढून मध्य धरतो, त्याला कपाट कुठे येणार हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कपाटाच्या आतली मापं काय धरायची?

आधी घरातले कपडे मोजा. बाहेरून २४ इंच खोली हँगरसाठी लागतेच. शर्टांसाठी दांड्याखाली ४० इंच पुरतात, लांब ड्रेस आणि शेरवानीला ६० इंच. कॉटनच्या साड्या घडी करून ठेवणार की हँगरला, हे घरातल्या बाईला विचारा. डिझाइनर बहुधा विचारत नाही आणि सगळीकडे दांडे देऊन मोकळा होतो. घडीच्या साड्यांना १० ते १२ इंच उंचीचे खण बरे. उंच खणात थप्पी वाढते आणि तळातली साडी काढताना वरच्या दहा कोसळतात.

१८ मि.मी. प्लायची आडवी फळी तीन फुटांपेक्षा लांब नको, मधोमध वाकते. कपाटाचा तळ जमिनीपासून ४ इंच वर, विटेच्या किंवा कडप्प्याच्या पट्टीवर. फरशी पुसताना पाणी तिथेच जातं.

ओटा किती उंच?

रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सरळ उभं करून कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून ४ इंच वजा. बहुतेक घरांत ३२ ते ३४ इंच येतं. गवंडी न विचारता ठोकळ माप धरतो, आणि घरधनी साइटवर रोज तोच येत असल्याने त्याच्याच उंचीचा अंदाज घेतला जातो. पुढची पंचवीस वर्षं कंबर मात्र दुसऱ्याच कुणाची दुखते.

आमच्या भागात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: भाकरी उभ्याने थापणार का? थापताना जोर खांद्यातून येतो, त्यासाठी ओटा दोन-तीन इंच खाली असलेला बरा. पोळीला तेवढा फरक पडत नाही. रोज भाकऱ्या होत असतील तर खिडकीजवळचा अडीच-तीन फुटांचा तुकडा खाली घ्या. दिसायला पायरी दिसते, नातेवाईक नावं ठेवतात, ठेवू द्या.

ओट्याची खोली २४ इंच. सिंक आणि शेगडीच्या मध्ये किमान दोन फूट सपाट जागा हवी, कारण चिरणं, मळणं, ताटं वाढणं सगळं तिथेच होतं. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये चार फूट सोडा. सणाला दोघी-तिघी आत असतात तेव्हा साडेतीन फुटांत कोपरं लागतात.

किचनची खिडकी किती उंचावर?

इतर खोल्यांच्या खिडक्यांचा खालचा काठ तीन फुटांवर येतो, म्हणून गवंडी इथेही तोच दोरा मारतो. ओटा ३४ इंच, म्हणजे काठ ओट्याला जवळजवळ टेकला. शेजारी नळ, मसाल्याचे डाग, आणि बाहेर उघडणारा पल्ला नसेल तर नळालाच अडतो. किचनची खिडकी ४२ ते ४४ इंचांवरून सुरू करा. सिंकवर सरकती खिडकी ठेवा.

सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा की बाहेर?

बाहेर, शक्य असेल तर. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा व्यास साधारण साडेबारा इंच, त्यामुळे ओट्याखाली ठेवायचाच तर कप्पा १६ ते १८ इंच रुंद लागतो आणि दोनांना अडीच फूट. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून कप्प्याच्या पल्ल्याला खालच्या बाजूला जाळी हवी, वरच्या बाजूला दिलेली फक्त शोभेची. पुणे-मुंबईकडचा पाइप गॅस हवेपेक्षा हलका, त्याला वायुविजन वर लागतं. पाइप गॅस तुमच्या गावात येणार असेल तर दोन्हीची सोय करून ठेवा.

कडप्पा की सगळी ट्रॉली?

उभे पाय कडप्प्याचे आणि आत स्टीलच्या ट्रॉल्या, असा माझा कौल आहे. सिंकखाली पाणी गळतंच, आज नाही तर पाच वर्षांनी. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. तोटा एवढाच की प्रत्येक पाय इंचभर जागा खातो.

अडचण येते ती क्रमात. गवंडी त्याच्या अंदाजाने पाय उभे करतो आणि ट्रॉलीवाला नंतर येतो. ट्रॉल्यांचे पिंजरे ठरावीक रुंदीत मिळतात. मधली जागा एखाद्या इंचाने कमी पडली की खालच्या मापाचा पिंजरा घ्यावा लागतो आणि दोन्ही बाजूंना बोट-बोट जागा वाया. ट्रॉलीवाला आधी ठरवा, त्याच्याकडून पिंजऱ्याचं आणि चॅनेलचं (ज्या पट्टीवर ट्रॉली सरकते ती) मिळून माप लिहून घ्या, तो कागद गवंड्याला द्या.

वर्षाचं धान्य भरतो. कोठ्यांना वेगळी खोली लागेल का?

खोली नको, पण जागा आखून हवी. एक क्विंटल गव्हाला १३० लिटर आकारमान लागतं, म्हणजे दीड फूट व्यासाची आणि पावणेतीन फुटांच्या आसपास उंच कोठी. गहू, ज्वारी, तांदूळ अशा तीन कोठ्या ओळीत ठेवल्या की पाच फूट बाय दोन फूट लागले. जिन्याखालची जागा यासाठी उत्तम, तिथे ओल नसेल तर. कोठीवर कायमचं कपाट करू नका. झाकण उघडून आत हात घालायला वर दोन-अडीच फूट मोकळे हवेत.

तिथेच जवळ घरघंटीसाठी १६ अँपिअरचा पॉइंट काढा. पीठ उडतं, त्यामुळे किचनच्या आत घरघंटी नकोच.

देवघर कुठे आणि कसं?

ईशान्येला जमलं तर उत्तम. समईच्या वर दोन फूट काहीच नको. पांढऱ्या सनमायक्याचं देवघर हौसेने करतात आणि वर्षात धुराने पिवळं पडतं. पाठीमागे टाइल किंवा ग्रॅनाइट लावा, पुसता येतं. वाती, फुलवाती, कापूर, पोथ्या यांना एक ड्रॉवर. आणि हॉलमध्ये गणपती बसतो तो कोपरा आत्ताच ठरवून तिथे चार फूट उंचीवर पॉइंट काढून ठेवा, नाहीतर दरवर्षी टीव्हीमागून वायर ओढावी लागते. मखराचा सगळा पसारा कुठल्या लॉफ्टवर जाणार तेही बघा. फोल्डिंगचं असलं तरी ते लांब असतं.

वास्तुशास्त्र किती पाळावं?

तुमची श्रद्धा, त्यावर माझं मत नको. वेळेबद्दल मात्र मत आहे. पाळायचं असेल तर प्लॅन नगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत जायच्या आधी सल्ला घ्या. किचन आग्नेयेला हवं हे ओटा बांधून झाल्यावर आत्याच्या यजमानांनी सांगितलं तर भांडणाशिवाय काही निघत नाही.

प्लाय कोणता घ्यावा?

किचन आणि बाथरूमलगतच्या भिंतीला आयएस (भारतीय मानक) ७१० चा, म्हणजे ज्याला दुकानदार मरीन म्हणतो तो. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. कोरड्या खोल्यांना आयएस ३०३ पुरतो. शिक्का प्रत्येक शीटवर असतो, बिलावरचा शब्द धरू नका. सहा फुटांहून उंच पल्ल्यांना ब्लॉकबोर्ड, म्हणजे आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड, प्लायपेक्षा सरळ राहतो. सनमायका बाहेरून १ मि.मी. आणि आतून ०.८ मि.मी.चा, फक्त एका बाजूला लावला तर पल्ला धनुष्यासारखा ताणला जातो. पार्टिकल बोर्ड ओल्या जागेला नकोच.

वाळवीचं औषध लाकडावर मारण्याआधी जमिनीत मारायचं असतं, पाया भरताना आणि जोत्याची भर घालताना. त्यासाठी आयएस ६३१३ हे वेगळं मानक आहे. बिलात ते काम धरलंय का बघा.

आमचं घर कोकणात, जांभ्याच्या भिंतीचं. काही वेगळं?

बरंच. जांभ्याची भिंत जाड असते, तिच्यात फडताळं आणि कोनाडे बांधतानाच ठेवता येतात आणि ते कुठल्याही तयार कपाटाइतकेच कामाचे. वायरिंगसाठी त्यात नंतर खाचा मारणं त्रासाचं, पॉइंट आधीच ठरवा. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला कपाट टाळा; पावसाचा मारा तिकडून येतो आणि जुलैत कपड्यांना बुरशीचा वास येतो. टाळता येत नसेल तर पाठ भिंतीपासून इंचभर सुटी ठेवा आणि वर-खाली हवेला भोकं द्या.

सुतार बरा की मॉड्युलरवाला?

माणसावर आहे. कोटेशन मात्र नीट वाचा. एक जण पल्ल्यांच्या समोरच्या क्षेत्रफळाचा दर लावतो, दुसरा रनिंग फुटाचा (नुसत्या लांबीचा), तिसरा फक्त मजुरी सांगतो. तिघांना एकाच कपाटाची एकूण रक्कम विचारा, त्यात बिजागरी, चॅनेल, हँडल, कुलूप, आतला सनमायका धरून. मगच तुलना.

विजेचे पॉइंट किती?

वाटतात त्याच्या दीडपट. ओट्यावर मिक्सर, प्युरिफायर, इंडक्शन, चिमणी यांना प्रत्येकी वेगळा. फ्रिज, ओव्हन, गिझर १६ अँपिअरवर. बेडच्या दोन्ही बाजूंना दोन फूट उंचीवर, बेड बसल्यावर कडेला दिसेल असे. कपाटाच्या मागे स्विचबोर्ड जाणार नाही एवढं बघा.

सगळं फर्निचर वास्तुशांतीच्या आधी पूर्ण करावं का?

नको. किचन, लॉफ्टचे पल्ले आणि एक कपाट एवढं करा. बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं आणि शेवटच्या टप्प्यात हात आखडता होतो, तेव्हा घाईत केलेलं काम स्वस्त प्लायचं होतं. बाकीच्या भिंती वर्षभर मोकळ्या ठेवा. मुलं अभ्यासाला कुठे बसतात, दुपारी ऊन कुठे येतं, इस्त्रीचे कपडे कुठे साठतात हे राहिल्यावर कळतं.

लग्नातलं गोदरेजचं कपाट नव्या घरात शोभेल का?

शोभेचं माहीत नाही, टिकेल नक्की. दागिने-कागदपत्रांना त्याच्याइतकी चांगली जागा प्लायमध्ये होत नाही. साधारण तीन फूट रुंद, दीड फुटाच्या थोडं वर खोल, साडेसहा फूट उंच. दोन फुटांच्या कपाटाच्या ओळीत ते मागे सरकतं, म्हणून शेजारची पट्टी बाहेर काढून मढवता येतं. वरच्या मजल्यावर न्यायचं असेल तर जिन्याचं वळण मोजा. तीन फुटी जिन्यात वळणावर ते फिरत नाही, गॅलरीतून दोराने चढवावं लागतं. तेव्हा गॅलरीची आणि खिडक्यांची ग्रिल बसवायच्या आधी वर घेऊन ठेवा, आणि रंगाऱ्याला त्यावर चादर टाकायला सांगा.